मागचा दिवा

३ जानेवारी

दादा,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं आलं असं धर, कारण कागद एकच आहे आणि सांगायचं पुष्कळ. मागच्या रविवारी मी अठरा किलोमीटर सायकल चालवली. पुन्हा वाच, अठरा. लहानपणी तू कॅरिअर धरून जिच्यामागे धावायचास आणि जी तू हात सोडल्याबरोबर थेट कुंपणात गेली, तीच मी.

हे झालं एका ऑनलाइन गटामुळे. नाव आहे ‘निवांत सायकलवाले’. एकतीस माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची, नाना ठिकाणी पांगलेली. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. रविवारी साडेसहाला जो तो आपापल्या गावात सायकलवर बसतो, फोनवर ‘निघालो’ लिहितो आणि घरी आला की ‘पोहोचलो’. मधल्या वेळात फोन आपली वाट नकाशावर काढत जातो. प्रत्येकाचा एक ठिपका असतो, तो सगळ्यांना दिसतो. दर आठवड्याला एकाची पाळी असते, त्याला ‘मागचा दिवा’ म्हणायचं. त्याने त्या दिवशी घरीच थांबायचं आणि शेवटच्या माणसाचं ‘पोहोचलो’ येईपर्यंत फोनपासून हलायचं नाही. त्याच्या आधीच्या रविवारी माझी पाळी होती. गटात ड्रायव्हिंग स्कूलचे एक मास्तर आहेत. जन्मभर लोकांना गाडी शिकवली, आणि स्वतः सायकलवर चौक ओलांडायला घाबरतात. ते सव्वादहाला पोहोचले. मी चहा तीनदा गरम केला.

तर तुलाही यात घ्यायचं मी ठरवलंय. वहिनी गेल्यापासून तू घरून दुकानात आणि दुकानातून घरी, एवढंच करतोस. माझा जुना फोन पार्सलने पाठवलाय. सायकल वहिनीची आहेच, जिन्याखाली. तिला तेल पाज आणि बाहेर काढ.

आता दुसरं. मागच्या पत्रात विचारलं होतं, त्याचं उत्तर तू खाल्लंस. आमची मागची खोली रिकामी आहे. मुलगी येते ती आता दोन दिवस पाहुण्यासारखी. यांची हरकत नाही, उलट यांना पत्त्यांना भिडू हवाय. अडुसष्टाव्या वर्षी घड्याळं उघडत कोण बसतं? दुकान बंद कर आणि ये.

आणि जरा मोठं लिहीत जा. प्रेसमध्ये दिवसभर मुद्रितं तपासून माझे डोळे आधीच गेलेत, त्यात तुझं हे मुंगीचं अक्षर. कागद वाचवून वाचवून कुठे नेणार आहेस?

तुझी ठकी

•

१९ जानेवारी

ठके,

फोन पोहोचला. गटात शिरलो. पत्र मात्र बंद करायचं नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी हूं हूं करतो. पत्रात निदान तुला मधे तोंड घालता येत नाही.

खोलीचं उत्तर खाल्लं नव्हतं, ते ‘नाही’ असं होतं. बेचाळीस वर्षं झाली दुकानाला. सकाळी शटर वर केलं की भिंतीवरची एकोणीस घड्याळं एकोणीस वेळा दाखवत असतात आणि मी त्यांना एकेक करून वळणावर आणतो. हे थांबलं की मी कोणाच्या तरी मागच्या खोलीतला म्हातारा. मला पत्ते येत नाहीत, असं मेहुण्यांना सांग.

मनगटी घड्याळं घेणं मात्र बंद केलंय. लोक हल्ली ती टाकून नवीन घेतात. भिंतीवरची आणि टेबलावरची तेवढी घेतो.

सायकल काढली. तुझ्या वहिनीच्या सायकलला मधला दांडा नाही, त्यामुळे पाय उंच टाकावा लागत नाही, ते बरं. गटात माझा जो बोभाटा झाला तो तू वाचला असशीलच. ‘निघालो’ फक्त रविवारी लिहायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी घरून निघालो, लिहिलं. दुकानात पोहोचलो, लिहिलं. एकशे चाळीस मीटर. दुपारी जेवायला घरी, पुन्हा दुकान, संध्याकाळी घर. पाच दिवस दिवसातून चार वेळा माझ्या एकशे चाळीस मीटरची बातमी एकतीस माणसांना जात होती. सहाव्या दिवशी तुझ्या मास्तरांनी लिहिलं, हे गृहस्थ निघायच्या आधीच पोहोचतात. तेव्हापासून माझं नावच ‘एकशे चाळीस’ पडलंय. असू दे. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी मला नाव ठेवलं.

अक्षर होतं तेच आहे. चष्मा बदल.

दादा

•

११ फेब्रुवारी

दादा,

त्या पाच दिवसांत मी हसून हसून बेजार झाले. प्रेसमधल्या सगळ्यांना दाखवलं. समोरच्या दुकानात जायला सायकल लागणारा माणूस आमच्या घराण्यात निपजला, हे आईला कळायला हवं होतं. दोन ढांगांचं अंतर रे ते. आळसाला काही हद्द?

आमच्या गटात ‘ब्रेक’ म्हणून एक बाई आहेत, फिजिओथेरपिस्ट. कोणी जोरात गेला की त्या त्याला आवरतात, म्हणून ब्रेक. त्यांनी मला वेगळा निरोप पाठवून विचारलं, तुमचे भाऊ एवढंसं अंतर रोज सायकलनेच का जातात? मी लिहिलं, लाडावलेत, दुसरं काही नाही. त्यावर त्या म्हणाल्या, मी त्यांच्याशीच बोलते.

चष्मा बदलायची गरज नाही. प्रेसमधली टाइप मोजायची पट्टी मी तुझ्या पत्रांना लावली. दोन वर्षांपूर्वीचं पत्र चौदा पॉइंटचं आहे, परवाचं आठ. आणि ओळ सुरू होते ती मोठी आणि संपेपर्यंत आकसते. असं कोणी लिहितं का? कंटाळा आला की तू पूर्वीही असाच वागायचास, गृहपाठाचं शेवटचं पान आठव.

तुमच्याच गावात आपल्या गटातले एक बेकरीवाले आहेत. भट्टीचं काम उरकून रविवारी तेही निघतात. त्यांना भेट. माणूस दिलदार आहे, फक्त विनोद फार सांगतो.

खोलीला रंग काढायचा विचार आहे. पांढरा की फिकट पिवळा?

ठकी

•

७ मार्च

ठके,

रंग कुठलाही काढ, खोली तुमची आहे.

बेकरीवाल्याला भेटलो. तो तुझ्या अंदाजापेक्षा जास्त विनोद सांगतो आणि ते सगळे पावाबद्दल असतात. गेले तीन रविवार आम्ही कालव्याच्या पुलापर्यंत जातो, जाऊन येऊन सहा किलोमीटर. त्याच्या बेकरीतलं भिंतीवरचं घड्याळ नऊ वर्षं बंद होतं. मी म्हटलं, मग पाव भाजल्याचं तुला कळतं कसं? म्हणाला, नाकाने. तरी घड्याळ दुरुस्त करून दिलं. आता तो म्हणतो की पाव पूर्वीपेक्षा जास्त करपतात.

एक गंमत सांगतो. गटातल्या एका बाईंच्या नवऱ्याचं गजराचं घड्याळ होतं. नवरा गेला आणि दोन महिन्यांत घड्याळही थांबलं. त्यांच्या गावात दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही. मी म्हटलं, तुम्हीच उघडा. फोनचा कॅमेरा घड्याळावर धरायला शेजारीण बसवली आणि रोज दुपारी अर्धा तास, असे आम्ही चार दिवस लागलो. डोळे माझे, हात त्यांचे. त्यांनी तेरा स्क्रू काढले, बशीत ओळीने मांडले, मी सांगेन तसे परत बसवले. चौथ्या दिवशी ते टिकटिकलं. बाई फोन नुसता घड्याळाजवळ धरून बसल्या. मीही ऐकत बसलो. बेचाळीस वर्षांत इतकं चांगलं काम मी केलेलं नाही, आणि माझं बोटही त्याला लागलं नव्हतं. आता आणखी दोघांनी नाव नोंदवलंय. मास्तरांना कुकू घड्याळ उघडायचंय, त्यांना मी आधी चौक ओलांडा म्हणून सांगितलंय.

तुझ्या ब्रेकबाईंशीही बोलणं झालं. हुशार आहेत. एक गोष्ट आहे, ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. भेटीत बोलू.

दादा

•

२ एप्रिल

दादा,

भेटीत बोलू म्हणालास आणि गटावर लिहिलंस.

काल दुपारी प्रेसमध्ये जेवायच्या सुट्टीत फोन उघडला तर तुझा निरोप. ‘एकशे चाळीस मीटरचं कारण विचारत होतात ना, मला कंपवात आहे, चालताना पाय अडतात, सायकलवर अडत नाहीत, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, कोणी हळहळू नये.’ बाकी तीस जणांनी वाचलं तेव्हाच मी वाचलं. डबा तसाच मिटला.

संध्याकाळी तुझी सगळी पत्रं बिस्किटांच्या डब्यातून काढली आणि टेबलावर तारखेने लावली. दोन वर्षांची. सलग बघितली तर आंधळ्यालाही कळेल. अक्षर उतरत उतरत आलंय. मनगटी घड्याळं का बंद केलीस तेही कळलं. तीस वर्षं मी लोकांच्या अक्षरातल्या चुका काढते. तुझ्या अक्षराला पट्टी लावली, पॉइंट मोजले आणि वर तुला चिडवलं. लाडावलेत म्हणाले मी. मला माझीच लाज वाटते आणि तुझा संताप येतो. दोन्हीतलं आधी काय लिहू ते कळत नाही.

आता ऐक. वाद घालू नको. तुझ्या दुकानाच्या मालकांना मी कालच पत्र टाकलंय, महिनाअखेर जागा रिकामी होईल म्हणून. खोलीला फिकट पिवळा रंग झाला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. अठ्ठावीस तारखेला आम्ही टेम्पो घेऊन येतो. घड्याळं पेटीत भरून ठेव, नाहीतर यांना भरू दे.

ठकी

•

९ एप्रिल

ठके,

मालक काल तुझं पत्र हातात घेऊन आला होता. बाहेरच उभा राहिला, आत यायला संकोचला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच दुकानात कोणी विचारलं, तुमचं काय ठरलंय? मी म्हटलं, माझं काही ठरलेलं नाही, माझ्या बहिणीचं ठरलंय.

गटातल्यांना आधी का सांगितलं, याचा तुला राग आहे. कारण सोपं आहे. ते माझं दुकान बंद करायला येणार नव्हते. ब्रेकबाईंनी मला एकच विचारलं होतं, पाय दारात अडतात का? हो म्हटलं. म्हणाल्या, उद्याच डॉक्टरकडे जा. गेलो. त्या पुढे म्हणाल्या, आणि सायकल सोडू नका. तुला सांगितलं असतं तर तू पहिली सायकल काढून घेतली असतीस.

काय होतं ते आता लिहितो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. दुकानाच्या उंबऱ्याशी आलो की पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात कुठे. गिऱ्हाईक बघत असतं. कधी एक मिनिट, कधी पाच. सायकलवर बसलो की हे होत नाही. पाय आपोआप फिरतात, जुन्या ओळखीचे असल्यासारखे. दिवसातून चार वेळा त्या एकशे चाळीस मीटरमध्ये मी होतो तसा असतो. तू त्याला आळस म्हणालीस. त्याचा राग नाही, मीच कळू दिलं नव्हतं.

पण मालकाला पाठवलेल्या पत्राचा राग आहे. अठ्ठावीसला येऊ नका. आलात तर शटर बंद असेल.

दादा

•

२१ एप्रिल

दादा,

काल मागच्या दिव्याची पाळी माझी होती. दोन आठवडे आपण बोललो नव्हतो. गटाला त्याची कल्पना नव्हती. पाळी बदलून मागावी असं मनात आलं होतं, पण मागितली नाही.

झालं ते जसंच्या तसं लिहिते. सहा चौतीसला तुझं ‘निघालो’ आलं. बेकरीवाल्यांनी आधीच कळवलं होतं की मोठी ऑर्डर आहे, आज येत नाही. म्हणजे तू एकटा. सात वाजून पाच मिनिटांनी तुझा ठिपका पुलाजवळ थांबला. तू तिथे पाच मिनिटं थांबतोस हे मला ठाऊक आहे, मी दर रविवारी बघते. भांडण असलं तरी बघते. सव्वासात झाले, साडेसात झाले. फोन केला, उचलला नाहीस. सात वेळा केला. यांनी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

नियमाप्रमाणे जवळच्याला सांगायचं असतं. बेकरीवाल्यांना फोन लावला. त्यांनी अंगावरचं पीठही झटकलं नसेल, तसेच बेकरीचा टेम्पो घेऊन निघाले. एकेक माणूस घरी पोहोचत होता, ‘पोहोचलो’ लिहीत होता आणि फोन न मिटता तिथेच थांबत होता. मास्तरांनी लिहिलं, एकशे चाळीस आल्याशिवाय मी आंघोळीला जाणार नाही. मला ते वाचून रडू आलं.

आठ वाजून पाच मिनिटांनी बेकरीवाल्यांचा निरोप आला. सापडले, पुलावर उभे आहेत, पडलेले नाहीत. मी लगेच लिहिलं, त्यांना टेम्पोत घाला आणि घरी आणा. दोन मिनिटांनी उत्तर आलं, ‘ताई, ते नाही म्हणतात. सायकलनेच येणार म्हणतात.’ मी पुन्हा लिहायला घेतलं की ऐकू नका त्यांचं. आणि तेवढ्यात ठिपका हलला.

दादा, इतका हळू चालणारा ठिपका मी पाहिला नाही. तीन किलोमीटरला त्याला पाऊण तास लागला. मी बोटाने त्याच्यामागे जात होते. तू कॅरिअर धरून धावायचास तेव्हा तुला काय वाटत असेल ते मला काल कळलं. घट्ट धरून ठेवलं असतंस तर मी कुंपणात गेले नसते, आणि सायकलही शिकले नसते. आठ बावन्नला ‘पोहोचलो’ आलं. खाली एकोणतीस जणांनी काही ना काही लिहिलं. मी मात्र फोन पालथा ठेवला.

मग पिवळ्या खोलीत जाऊन बसले. छान झालीय खोली. तिथे तू असतास तर मला तुझी काळजी राहिली नसती. आणि नकाशावर तुझा ठिपकाही राहिला नसता.

मालकांना आज दुसरं पत्र टाकलं. पहिलं माझ्या मूर्खपणाचं होतं असं त्यात स्वच्छ लिहिलंय. टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगितलं. मला माफ कर. आणि पुलावर काय झालं ते लिही. मोठं नको, तुला जमेल तेवढं.

ठकी

•

५ मे

ठके,

ब्रेकबाईंनी दुरेघी वही आणायला लावलीय, पहिलीतल्या मुलांची. वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत अक्षर भरायचं, रोज दोन पानं. त्यामुळे हे पत्र जाडजूड दिसलं तरी मजकूर थोडाच आहे.

पुलावर घंटीची वाटी सुटून पडली. तुझ्या वहिनीची घंटी, म्हणून उतरलो. वाटी उचलली आणि पाय अडले. सायकल कठड्याला टेकवली होती, दोन हातांवर. फोन तिच्या टोपलीत. सातही वेळा वाजलेला ऐकला. तूच आहेस हे कळत होतं. घाबरलो होतो, हे तुला एकटीला सांगतो. तास उभा होतो. पण आज मागचा दिवा ठकी आहे, म्हणजे कोणीतरी येणार, याची खात्री होती.

बेकरीवाला आला. त्याने एकही विनोद सांगितला नाही. ब्रेकबाईंना फोन लावला, ऐकलं, आणि हवा भरायचा पंप माझ्या पावलापुढे रस्त्यावर आडवा ठेवला. म्हणाला, ‘काका, चालू नका. फक्त याच्यावरून पाय टाका.’ टाकला. पाय सुटले. समोर ओलांडायला काहीतरी असलं की ते सुटतात. आता पंप कायम सायकलला बांधलेला असतो, आणि दुकानाच्या दारात खडूच्या तीन रेघा मारल्यात. मालकाने विचारलं, या कशाला? म्हटलं, माझ्या बहिणीने पाठवल्यात. तू पाठवल्या नाहीस, पण त्याला तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं सांगायला हवं होतं.

परतताना बेकरीवाला माझ्या मागे राहिला, एकदाही पुढे आला नाही. टेम्पो इतका हळू चालवणं त्याला किती जड गेलं असेल.

मनगटी घड्याळं गेली ती गेली. पुढे आणखी काय काय जाईल, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. खोलीचा रंग जपून ठेव. कधीतरी लागेल, आणि तेव्हा मी स्वतः सांगेन. तोवर जूनमध्ये आठ दिवस येतो, सायकल बसच्या टपावर टाकून. रविवारी तुझ्या दारातून साडेसहाला निघू. तू पुढे हो.

तुझी पट्टी लाव आणि किती भरलं ते कळव.

दादा

•

१२ मे

दादा,

पट्टी लावली. पहिली ओळ अठ्ठावीस पॉइंट, शेवटची एकवीस. शेवटाला अजून आकसतंय. पण चष्म्याशिवाय वाचलं, दोनदा.

पोहोचलं.

ठकी